जस्ताची वडी, तांब्याची जाळी

समुद्रातून बाहेर काढलेलं उपकरण आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग उपकरणाचा धातू वाचवायला जोडलेली जस्ताची वडी किती झिजली ते बघायचं, जीव चिकटू नयेत म्हणून बसवलेली तांब्याची जाळी साफ करायची. समुद्राची मोजमापं घेणाऱ्यांची ही नेहमीची कामं. त्यातलं जस्त आणि तांबं आलंय ते जहाजांकडून.

१७६१ साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' या लाकडी युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले, लाकूड पोखरणारे किडे आणि चिकटणारे बार्नेकल (कठीण कवचाचे छोटे समुद्री जीव) दूर राहावेत म्हणून. वेस्ट इंडीजची फेरी करून नौका परतली तेव्हा तांबं ठीक होतं, पण लोखंडी खिळे गंजून गेले होते. ज्या ठिकाणी पत्र्यांभोवतीचा तपकिरी कागद चुकून मध्ये राहिला होता, तिथले खिळे मात्र शाबूत! खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यातला एक झिजतो, हे त्या कागदाने दाखवून दिलं.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये हेच उलटं वापरलं. तांब्याला लोखंड किंवा जस्त जोडलं, की तेच झिजतं आणि तांबं वाचतं. प्रयोग साधला, आणि तिथेच फसला. वाचलेल्या तांब्यावर शेवाळ आणि बार्नेकल जोमाने वाढले, कारण त्यांना दूर ठेवत होतं ते पाण्यात विरघळणारं तांबं. गंज थांबवावा तर जीव चिकटतात. ही ओढाताण आजही सुटलेली नाही. म्हणून उपकरणावर तांब्याची जाळी बसवताना ती ॲल्युमिनियमच्या कवचाला टेकू देत नाहीत, नाहीतर कवचच झिजायचं.

'चॅलेंजर' या ब्रिटिश समुद्र-संशोधन मोहिमेच्या (१८७२–७६) काळात उपकरणं दोरीने खाली सोडून थोड्या वेळात वर ओढत, त्यामुळे त्यांच्यावर काही वाढायला सवडच नव्हती. ती महिनोन्‌महिने पाण्यात राहू लागली तेव्हा दुखणं सुरू झालं. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या नांगरलेल्या बोयांचंही (उपकरणं लावलेल्या तरंगत्या पिंपांचंही) तेच, आपलं उबदार पाणी असल्या वाढीला फारच मानवतं. सर्वांत नाजूक भाग म्हणजे पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून क्षारता (खारेपणा) मोजणारी काचेची नळी. आत बुळबुळीत थर बसला की विद्युतवाहकता कमी दिसते, म्हणजे समुद्र आहे त्यापेक्षा गोडा. घासायला ब्रश आत घालायचा नाही. सौम्य साबणी द्रावण आणि शुद्ध पाणी फिरवायचं, बस्स.

आत काही वाढू नये म्हणून नळीच्या तोंडाशी बऱ्याचदा ट्रायब्युटिलटिन या विषाची छोटी कुपी असते. जहाजांच्या रंगातलं हेच विष कालवं आणि शंखांना घातक ठरलं. २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंदी घातली आणि तो २००८ पासून लागू झाला. उपकरणांत मात्र ते चिमूटभर टिकून राहिलं.

आर्गो तरंडांना, म्हणजे समुद्रात सोडलेल्या आणि आपोआप खाली-वर होत मोजमापं घेणाऱ्या यंत्रांना, बहुधा कोणी पुन्हा हात लावत नाही. दहा दिवसांच्या फेरीत ते बराच वेळ हजार मीटर खोल, थंड अंधारात काढतात, त्यामुळे वाढ कमी होते. तरी क्षारतेचा आकडा हळूहळू सरकतो. तो जहाजावरून घेतलेल्या मोजमापांशी ताडून जमिनीवर बसून दुरुस्त करतात. हिंद महासागरापुरतं हे काम हैदराबादच्या इन्कॉइसमध्ये (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात) चालतं.