तवंग आणि गाळातलं तेल: आकडे शेजारी ठेवण्याआधी

खाडीत तेल सांडलं की आठवड्याभरात ठरलेली बातमी येते: 'तवंग ओसरला, समुद्र पूर्ववत'. सोबत निळ्या पाण्याचा फोटो. दरवेळी वाचून माझं डोकं फिरतं. ओसरला तो तवंग. तेलाचं काय झालं, ते त्या फोटोत दिसतच नाही.

तवंगाबद्दल फार सांगायला नको, रश्श्यावर रोज बघतो आपण. हलका भाग एक-दोन दिवसांत उडून जातो, थोडं लाटांत घुसळून पाण्यात मिसळतं, उरलेलं घट्ट होत डांबराचे गोळे बनतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या वाळूत तळव्यांना चिकटतं. (कृपा करून त्यांना 'डांबरगोळ्या' लिहू नका. त्या कपाटात ठेवायच्या असतात.) एवढं मात्र बघा, तिवरांच्या चिखलात दिसणारी प्रत्येक सप्तरंगी साय तेलाची नसते. काडीने ढवळा. तेल असेल तर पुन्हा जुळून येतं. लोहजिवाणूंची साय असेल तर काचेसारखे तुकडे होतात आणि तशीच राहते.

आता गाळ. घोळ इथेच होतो.

मुंबई बंदराचं पाणी मुळात गढूळ. तेलाचे बारीक थेंब त्यातल्या मातीच्या कणांना चिकटतात आणि दोघं मिळून तळाला बसतात. ओहोटीला तर तवंग थेट चिखलावरच टेकतो. खेकड्यांची बिळं आणि तिवरांची मुळं त्याला खाली जायला वाट देतात. तेल खाणारे जिवाणू असतात, खरं आहे. पण झपाट्याने खायला त्यांना प्राणवायू लागतो, आणि बारीक चिखलात तो काही मिलिमीटरखाली संपतो. चिखलात बोट खुपसून बघा: वर करडा, लगेच खाली काळा आणि सडक्या अंड्याच्या वासाचा. त्या काळ्या थरात शिरलेलं तेल वर्षानुवर्षं पडून राहतं. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली, सुमारे ८०० टन तेल सांडलं आणि ते तिवरांपर्यंत पोचलं. उघडा, लाटा झोडपणारा किनारा त्यामानाने लवकर धुतला जातो. तिवरांची खाडी तसं सोडत नाही.

यावर कडी म्हणजे आकडे. पाण्यातलं तेल मोजतात मायक्रोग्रॅम प्रति लिटर, गाळातलं मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. लोक दोन्ही शेजारी ठेवून 'पाण्यात १०, गाळातही १०, म्हणजे सारखंच' म्हणून मोकळे होतात. अहो, एक लिटर समुद्राचं पाणी म्हणजे ढोबळमानाने हजार ग्रॅम! तो गाळातला १० वजनागणिक हजारपट झाला. शिवाय तो सहसा सुकवलेल्या गाळाचा असतो. ओल्याचा असेल तर आणखी वेगळं. अहवालात एकक नसेल तर मी तो पुढे वाचतच नाही.

पाण्याचा आकडा त्या भरतीपुरता. सहा तासांनी तिथे दुसरंच पाणी असतं. गाळात मागची अनेक वर्षं साचलेली असतात, त्यामुळे उलटी चूकही होते. गाळात तेल सापडलं की लगेच 'नवी गळती' म्हणून ओरड. ते जहाजांच्या तळाचं घाण पाणी, मच्छीमार बोटींचं इंजिन ऑइल आणि शहराचे नाले यांनी थेंबाथेंबाने साठवलेलंही असू शकतं. म्हणून पाण्याच्या दहा बाटल्यांपेक्षा गाळात हातभर खोल घालून थरांसकट वर काढलेली एक नळी मला जास्त पटते. आणि वरवरचा गाळ चमच्याने खरवडून 'नमुना घेतला' म्हणू नये.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट फॅलमथजवळ सप्टेंबर १९६९ मध्ये 'फ्लोरिडा' नावाचा तेलवाहू बार्ज खडकांवर चढला. डिझेलसारखं पातळ तेल होतं, म्हणजे लवकर जाईल असंच कोणीही म्हटलं असतं. वरचं गेलंही. पण तीस वर्षांनी तिथल्या दलदलीत नळ्या घातल्या तेव्हा गवताखाली काही सेंटिमीटरवर तेल होतंच. पस्तीस वर्षं उलटल्यावर कुणी तिथल्या खेकड्यांच्या बिळांचे साचे काढून पाहिले. एक नांगी मोठी असलेले ते छोटे खेकडे एरवी सरळ खाली खणत जातात. इथली बिळं उथळ निघाली, आणि काही तर तेलाच्या थरापाशी येऊन आडवी वळलेली.