वॉरल, जॅक

वॉरल, जॅक : (२० जून १८६१–१७ नोव्हेंबर १९३७). ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील श्रेष्ठ खेळाडू व प्रशिक्षक, कसोटी क्रिकेटपटू आणि क्रीडापत्रकार. पूर्ण नाव जॉन वॉरल. व्हिक्टोरियातील मेरीबरो गावाजवळच्या सोन्याच्या खाणींच्या टापूत त्याचा जन्म झाला. व्हिक्टोरियन फुटबॉल लीग या क्लबांच्या स्पर्धेतला पहिला प्रशिक्षक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. कार्लटन आणि एसेंडन या मेलबर्नच्या दोन क्लबांना त्याने मिळून पाच विजेतेपदे मिळवून दिली.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल हा व्हिक्टोरियात १८५८–५९ च्या सुमारास आकाराला आलेला खेळ आहे. तो क्रिकेटच्या मैदानावर, लांबट चेंडूने खेळतात. चेंडू हातात घेऊन पळता येते, मुठीने टोलवता येतो आणि लाथाडताही येतो. लाथाडलेला चेंडू हवेत झेलला की ‘मार्क’ मिळतो, म्हणजे झेलणाऱ्याला कोणाचा अडथळा न येता पुढची किक मारता येते. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला तर गोल, बाजूच्या फटीतून गेला तर ‘बिहाइंड’. १८९७ पासून गोलला ६ गुण आणि बिहाइंडला १ गुण मिळू लागला. त्याआधी, म्हणजे वॉरलच्या खेळण्याच्या काळात, निकाल फक्त गोलांवर लागत असे.

व्हिक्टोरियातल्याच बॅलारट भागात खेळून झाल्यावर वॉरल १८८४ मध्ये मेलबर्नच्या फिट्झरॉय क्लबात आला. क्लबची स्थापना आदल्याच वर्षी झाली होती. अंगाने बुटका पण भक्कम असलेला वॉरल ‘रोव्हर’ म्हणून खेळे. उंचपुरे गडी चेंडूसाठी झुंजत असताना त्यांच्या पायाशी घुटमळायचे आणि चेंडू सुटला की तो उचलून निसटायचे, हे रोव्हरचे काम. त्यासाठी चपळाईइतकीच पुढचे ओळखण्याची नजर लागते. वॉरलकडे ती होती आणि पुढे प्रशिक्षक म्हणूनही तीच त्याच्या कामी आली. १८८६ पासून अनेक वर्षे तो फिट्झरॉयचा कर्णधार होता. तेव्हाच्या व्हिक्टोरिया वसाहतीतल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये त्याची गणना होत असे.

उन्हाळ्यात तो क्रिकेट खेळे. त्याचे कसोटी पदार्पण चमत्कारिक परिस्थितीत झाले. १८८४–८५ च्या मोसमात इंग्लंडविरुद्धची पहिली कसोटी खेळलेल्या ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी दुसऱ्या सामन्याच्या तिकीटविक्रीतला अर्धा वाटा मागितला. तो नाकारला गेल्यावर सगळा संघच बाजूला झाला. १ जानेवारी १८८५ रोजी मेलबर्नला नवा संघ उतरवावा लागला. त्यात नऊ जण नवखे होते आणि वॉरल त्यांपैकी एक. इंग्लंडने तो सामना दहा गडी राखून जिंकला. पुढे त्याने १८८८ व १८९९ चे इंग्लंड दौरे केले आणि एकूण ११ कसोटींत ४७८ धावा काढल्या. १८९९ मध्ये लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर पहिल्यांदाच कसोटी भरली, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या १७२ धावांत ७६ एकट्या वॉरलच्या होत्या. हीच त्याची सर्वोच्च कसोटी खेळी. क्लब क्रिकेटमध्ये मात्र १८९६ साली त्याने कार्लटनकडून नाबाद ४१७ धावांचा डोंगर रचला होता.

या क्रिकेटमुळेच तो कार्लटनला जोडला गेला आणि १९०२ मध्ये तिथल्या फुटबॉल क्लबचा सचिव झाला. १८९७ मध्ये लीग सुरू झाल्यापासून आठ संघांच्या तक्त्यात हा क्लब तळाशीच चाचपडत होता. त्या काळी संघाचा सराव आणि मैदानावरचे डावपेच कर्णधार पाही, तर खेळाडूंची निवड समिती करी. वॉरलने सचिवपदावर राहून हा सगळा कारभार आपल्या हाती घेतला. गावोगावचे खेळाडू हेरून आणणे, त्यांना कोणत्या जागी खेळवायचे ते ठरवणे, सरावाला वेळेवर हजर राहण्याची सक्ती करणे आणि दारूपासून दूर ठेवणे ही कामे तो स्वतः करी. उंच, ताकदवान आणि मार्क घेण्यात पटाईत अशा गड्यांवर त्याचा भर होता. संघ एका माणसाच्या विचाराने घडवायचा असतो, ही कल्पना या खेळात त्याच्यामुळे रुजली. त्याच्या विजेतेपदांपेक्षाही हे काम मोठे आहे.

फळ यायला चार वर्षे गेली. १९०४ मध्ये कार्लटनने अंतिम सामना गाठला, पण फिट्झरॉयने, म्हणजे वॉरलच्याच जुन्या क्लबाने, त्यांना हरवले. १९०६ मध्ये त्याच फिट्झरॉयचा ९४–४५ असा फडशा पाडून कार्लटनने पहिले लीग विजेतेपद मिळवले. १९०७ मध्ये साउथ मेलबर्नवर पाच गुणांनी आणि १९०८ मध्ये एसेंडनवर नऊ गुणांनी मात केली. लीगमध्ये सलग तीन विजेतेपदे यापूर्वी कोणीच जिंकली नव्हती. १९०८ च्या पूर्ण मोसमात हा संघ एकच सामना हरला.

हा डोलारा पुढच्याच वर्षी डळमळला. लीग कागदोपत्री हौशी होती, पण खेळाडूंच्या हातावर गुपचूप पैसे ठेवण्याची रीत सर्वत्र होती. तीन वेळा विजेते ठरलेल्या खेळाडूंना आपली किंमत कळली होती आणि वॉरलची कडक शिस्त त्यांना जाचू लागली होती. मोबदला आणि वागणूक या दोन्हींवरून वाद पेटला. १९०९ च्या मोसमातच त्याने संघाची सूत्रे सोडली आणि पाठोपाठ सचिवपदही गेले. इतरांच्या पैशाच्या तंट्यातून ज्याला कसोटीचे दार उघडले, त्याचा उभा केलेला संघ अशाच तंट्यात हातातून गेला. खेळाडूंची बाजू चुकीची होती असे म्हणता येत नाही. गर्दी त्यांच्या खेळावर जमत होती. लीगने १९११ मध्ये मोबदला अधिकृत केला, तेव्हा त्यांच्या मागणीला एका अर्थी मान्यताच मिळाली.

त्याच १९११ साली वॉरल एसेंडनचा प्रशिक्षक झाला आणि येताच क्लबाला विजेतेपद मिळाले. अंतिम सामन्यात कॉलिंगवुडचा सहा गुणांनी पराभव झाला. १९१२ मध्ये साउथ मेलबर्नला हरवून एसेंडनने विजेतेपद राखले. कार्लटनचे यश निव्वळ चांगल्या खेळाडूंचे होते, असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर मिळाले नसते. पहिल्या महायुद्धामुळे १९१६ आणि १९१७ मध्ये क्लब मैदानात उतरला नाही. १९१८ ते १९२० या काळात वॉरलने पुन्हा एसेंडनचे प्रशिक्षण केले.

नंतर तो मेलबर्नच्या ‘द ऑस्ट्रेलेशियन’ या साप्ताहिकात क्रिकेट आणि फुटबॉलवर लिहीत असे. १९३२–३३ च्या वादग्रस्त ॲशेस मालिकेत फलंदाजाच्या अंगावर रोखलेल्या गोलंदाजीला ‘बॉडीलाइन’ हे नाव देण्याचे श्रेय अनेक जण त्याला देतात, तर काही जण ह्यू बगी या पत्रकाराला. वॉरल अखेरपर्यंत मेलबर्नमध्येच राहिला आणि तेथेच १९३७ मध्ये त्याचे निधन झाले. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल हॉल ऑफ फेम सुरू झाले, त्यात पहिल्याच वर्षी त्याचा समावेश करण्यात आला.