पार्श्वभूमी : चोर समजून घरच्याच माणसावर गोळी

चोर समजून घरच्याच माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या बहुतेक अमेरिकेतून येतात. आपण त्या ‘दुर्दैवी अपघात’ म्हणून वाचतो आणि सोडून देतो. पण या गोळीमागे चारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि बंदुकीचं कौतुक असलेल्या कोल्हापूर जिल्ह्याने तो माहीत करून घ्यायलाच हवा.

घर हा घरमालकाचा किल्ला, हे तत्त्व 1604 साली इंग्लंडमधल्या एका खटल्यात नोंदलं गेलं. अमेरिकेत ते फोफावलं. 1985 मध्ये कोलोरॅडो राज्याने घरात घुसलेल्यावर गोळी झाडणाऱ्याला कायद्याचं मोठं संरक्षण दिलं, 2005 मध्ये फ्लोरिडाने त्याच्याही पुढे पाऊल टाकलं. 2008 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा घटनादत्त हक्क मानला. दरम्यान 1998 साली तीन शहरांतल्या घटनांचा एक अभ्यास आला होता. घरातली बंदूक स्वसंरक्षणासाठी एकदा चालली, तर ती 4 वेळा चुकून, 7 वेळा हल्ल्यात किंवा खुनात आणि 11 वेळा आत्महत्येत किंवा तशा प्रयत्नात चालली होती. कायदे मात्र त्यानंतरही सैल होत गेले.

दक्षिण आफ्रिकेत 2004 साली एका माजी रग्बीपटूने गाडी चोरीला चालली असं समजून पहाटे गोळी झाडली. गाडीत त्याचीच 19 वर्षांची मुलगी होती. 2013 मध्ये धावपटू ऑस्कर पिस्टोरियसने बाथरूमच्या बंद दारातून गोळ्या झाडून आपली मैत्रीण रीवा स्टीनकॅम्प हिचा जीव घेतला. आत चोर आहे असं वाटलं, हा त्याचा बचाव. अपील न्यायालयाने 2015 मध्ये त्याला खुनाचा दोषी ठरवलं : दाराआड कुणीही असो, तो मरू शकतो हे त्याला कळत होतं.

आपल्याकडची वाट वेगळी. 1857 नंतर इंग्रजांनी हत्यारं काढून घेतली आणि 1878 च्या कायद्याने परवाना सक्तीचा केला. कोल्हापूर संस्थानात मात्र शिकारीची परंपरा टिकली. दाजीपूरचं जंगल हे संस्थानचं शिकारीचं रान होतं, 1958 मध्ये तिथे अभयारण्य झालं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली, बंदुका राहिल्या. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची खास तरतूद आहे. नळीत दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, वर टोपी चढवायची. एकदा ठासलेला बार उडवल्याशिवाय रिकामा करणं जिकिरीचं, म्हणून रात्रभर डुकरांची वाट पाहून न उडालेली बंदूक तशीच भरलेली घरी येण्याचा धोका असतो. हीच बंदूक मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते.

कारण आपल्याकडे रात्रीचा वावर घरच्यांचाच असतो. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्री, म्हणून उसाला पाणी पाजायला मध्यरात्री माणूस बाहेर. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत रात्रपाळी. धारांसाठी पहाटे गोठ्यात जाग. त्यात चोरांची अफवा उठली, गावात गस्त सुरू झाली, की परड्यातल्या खुडबुडीनेही छातीत धस्स होतं. अर्धवट झोपेतलं मन जे अपेक्षित असतं तेच पाहतं. श्रवणबाळावरचा दशरथाचा बाण आवाजावरच सुटला होता. अशा वेळी ‘कोन हाय त्यो?’ ही एक हाक आणि बॅटरीचा एक झोत यांनी जीव वाचतो.

रात्रीच्या घरफोडीत, ठरावीक मर्यादेत, चोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करण्याचा हक्क आपला कायदाही देतो. पूर्वी ते भारतीय दंड संहितेच्या कलम 103 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 मध्ये आहे. पण ‘चोर वाटला’ एवढं पुरत नाही, योग्य ती काळजी घेऊन तसं वाटलेलं असावं लागतं. नाहीतर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि प्रकरण त्याहून गंभीर कलमांतही जाऊ शकतं.

2016 च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षेचं प्रशिक्षण आणलं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या जिल्ह्यात प्रशिक्षकांची वाण नाही. नेमबाजीच्या रेंजवर वेळ येईपर्यंत बंदूक रिकामी ठेवतात आणि गोळी बसते त्या चेंबरमध्ये भडक रंगाची सुरक्षा पट्टी घालतात. हे परवानाधारकाबरोबर त्याच्या घरच्यांनाही शिकवावं, आणि परवान्याच्या चौकशीत घरात रात्री-अपरात्री कोण ये-जा करतं हेही विचारलं जावं.