अवघड प्रोसेसर आधी: डेव्ह कटलर यांची कारकीर्द

संगणकाच्या पडद्यावर जे दिसतं, त्याच्या खाली कर्नल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा) गाभा, अखंड राबत असतो. कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, कोणाला मेमरीचा कोणता भाग मिळेल, एक प्रोग्रॅम कोसळला तर दुसऱ्याला झळ कशी पोहोचू द्यायची नाही, हे तोच ठरवतो. असे कर्नल लिहिण्यात डेव्ह कटलर यांचं सारं आयुष्य गेलं.

१९४२ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जन्मलेले कटलर आधी ड्युपाँट या रसायन कंपनीत होते. १९७१ मध्ये ते डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत गेले. तिथे त्यांनी कंपनीच्या पीडीपी-११ या संगणकांसाठी केलेली आरएसएक्स-११एम ही प्रणाली ३२ किलोबाइट मेमरीतही अनेक कामं एकाच वेळी सांभाळायची. पुढे कंपनीच्याच व्हॅक्स संगणकांसाठीच्या व्हीएमएस या प्रणालीच्या रचनेतही त्यांचा मोठा वाटा होता. १९८८ मध्ये कंपनीने त्यांचा प्रिझम हा नव्या प्रोसेसरचा प्रकल्प गुंडाळला आणि ते काही सहकाऱ्यांसह मायक्रोसॉफ्टमध्ये दाखल झाले.

माझ्या मते त्यांचा सर्वांत मोठा निर्णय इथलाच. नवी प्रणाली, म्हणजे विंडोज एनटी, इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरवर चालायला हवी होती, कारण बाजारात तेच घरोघरी होते. तरीही सुरुवात झाली इंटेलच्याच आय८६० या अगदी वेगळ्या प्रोसेसरपासून आणि मग मिप्स या आणखी एका वेगळ्या प्रोसेसरवर. ओळखीच्या प्रोसेसरवर काम करताना त्याच्या खास सवयी नकळत कोडमध्ये झिरपतात, आणि त्या नंतर उपसून काढणं महाकठीण असतं. इथे तशी सोयच उरली नाही. बहुतेक कोड सी भाषेत लिहिला गेला, आणि हार्डवेअरशी थेट बोलणारा भाग एका वेगळ्या पातळ थरात बंदिस्त झाला. जुलै १९९३ मध्ये एनटी ३.१ बाजारात आली. घरगुती संगणकांवर मात्र डॉस या जुन्या प्रणालीच्या पायावरची विंडोज आणखी काही वर्षं टिकली. २००१ च्या विंडोज एक्सपीने एनटीचा गाभा घराघरांत नेला.

या शिस्तीचं फळ एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरच्या वेळी दिसलं. विंडोज त्या प्रोसेसरवर नेण्याच्या कामात कटलर स्वतः अग्रभागी होते. आज एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपवर चालणारी विंडोजही त्याच वंशातली आहे.

नंतर ते अ‍ॅझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेच्या उभारणीत गुंतले आणि त्यापाठोपाठ एक्सबॉक्स वन या गेमिंग यंत्राच्या हायपरव्हायजरमध्ये. खेळ आणि इतर अ‍ॅप यांच्यासाठी एकाच यंत्रावर दोन वेगळ्या प्रणाली चालवणारा हा थर २०१३ मध्ये लोकांच्या हाती आला, तेव्हा कटलर यांनी सत्तरी ओलांडली होती.