पत्ता पसरत नाही, विसरला जातो

वेबसाइट नव्या होस्टवर, म्हणजे साइट ठेवणाऱ्या नव्या कंपनीच्या सर्व्हरवर, हलवली. फायली गेल्या, डेटाबेस गेला, डोमेनच्या (साइटच्या नावाच्या) सेटिंगमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी पत्ताही भरला. मग कोडं सुरू होतं. लॅपटॉपवर साइट नीट उघडते, मोबाइलवर मात्र एरर किंवा जुनीच साइट. सपोर्टला विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘प्रोपगेशन चालू आहे, ४८ तास थांबा.’

हा शब्दच मुळात फसवा आहे. नवा पत्ता जगभर हळूहळू पसरतोय असं त्यातून वाटतं. प्रत्यक्षात काहीच पसरत नसतं.

एकेकाळी मात्र खरंच पसरायचं. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेटवर सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ती सांभाळायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. संगणक वाढले तसं हे झेपेना. १९८३ साली संगणकशास्त्रज्ञ पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची, रचना मांडली. तिचं तत्त्व साधं आहे: पत्ता लागेल तेव्हा विचारा आणि मिळालेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवा. किती काळ, ते उत्तरासोबतच सेकंदांत सांगितलेलं असतं. त्याला टीटीएल म्हणतात. ८६४०० म्हणजे एक दिवस. तुम्ही पत्ता बदलण्याच्या मिनिटभर आधी एखाद्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरने जुना पत्ता विचारून घेतला असेल, तर तो जवळजवळ दिवसभर तेच उत्तर आपल्या ग्राहकांना देत राहणार. आपण वाट बघतो ती त्याच्या विसरण्याची.

म्हणून साइट हलवण्याच्या निदान एक दिवस आधी टीटीएल ३०० सेकंदांवर आणायचा. मी एकदा हे पत्ता बदलल्यावर केलं होतं. उपयोग शून्य, कारण जुनी उत्तरं जुनी मुदत घेऊनच बाहेर पडलेली होती. ४८ तासांच्या आकड्यातही थोडं तथ्य आहे, पण ते नेमसर्व्हरच, म्हणजे तुमच्या डोमेनचे पत्ते सांगणारे सर्व्हरच, बदलले तर. डॉट कॉमच्या वरच्या पातळीवर त्या नोंदींचा टीटीएल १७२८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो. नुसता आयपी बदलला असेल तर तो आकडा तुम्हाला लागू नाही.

थांबण्याऐवजी एरर नीट वाचावी. विनंती कुठवर पोचली ते तिच्यातच लिहिलेलं असतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच येतं, कारण समोरचं मशीन जिवंत आहे आणि त्याने नकार कळवलाय: ४४३ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे सुरक्षित वेबसाइटच्या दारावर, ऐकणारं कुणी नाही. म्हणजे बहुधा वेब सर्व्हर सुरूच झालेला नाही. ‘टाइम्ड आउट’ यायला वेळ लागतो, कारण उलट उत्तरच येत नाही. फायरवॉल, म्हणजे सर्व्हरचा पहारेकरी, विनंत्या गुपचूप फेकून देत असेल किंवा त्या पत्त्यावर मशीनच नसेल. सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या ओळखपत्राची, लाल पाटी दिसली तर मी उलट थोडा निवांत होतो. कुठल्या तरी मशीनपर्यंत आपण पोचलो, फक्त त्याच्याकडे आपल्या नावाचं सर्टिफिकेट नाही.

सगळ्यात जास्त दिशाभूल करतो तो वर्डप्रेसचा ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ हा संदेश. कनेक्शन शब्द दिसला की लोक पुन्हा डीएनएसकडे धावतात. पण हे वाक्य पीएचपीने, म्हणजे सर्व्हरवर वर्डप्रेस चालवणाऱ्या भाषेने, लिहिलेलं आहे; म्हणजे डीएनएस, फायरवॉल, वेब सर्व्हर हे सगळं पार करून तुम्ही आत आलेले आहात. तो सर्व्हर नवाच असेल, तर अडलंय ते शेवटच्या पावलावर. जुन्या होस्टवर डेटाबेस त्याच मशीनवर होता, म्हणून वर्डप्रेसच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये ‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘हेच मशीन’, लिहिलेलं. नव्या होस्टवर तो वेगळ्या मशीनवर असू शकतो. शिवाय मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये, युजरची ओळख नुसत्या नावाने होत नाही, तो कुठून येतोय तेही बघितलं जातं. पासवर्ड तंतोतंत बरोबर असूनही दार बंद राहतं ते यामुळे.

आता तो मोबाइल. दोन-चार दिवस उलटले, टीटीएल केव्हाच संपला, तरी मोबाइलवर तेच. अशा वेळी डीएनएसमध्ये ‘ए’ नोंदीच्या शेजारी चार ए असलेली नोंद आहे का ते बघा. ‘ए’ नोंद आयपीव्ही४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीचा पत्ता सांगते, चार ए वाली आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा. हलवताना पहिली बदलली जाते, दुसरी राहून जाते. घरच्या जोडणीला आयपीव्ही६ नसेल तर लॅपटॉप नव्या सर्व्हरवर जातो. मोबाइल नेटवर्क आयपीव्ही६ वापरत असेल तर फोन जुन्यावर. इथे ४८ तास काय, ४८ दिवस थांबूनही फरक पडणार नाही. जुना पत्ता कुणाच्या स्मरणात अडकलेला नाही, तुमचाच नेमसर्व्हर तो रोज नव्याने सांगतोय. नव्या होस्टने आयपीव्ही६ पत्ता दिला असेल तर तो भरा, नसेल तर ती नोंद सरळ काढून टाका.