१९९४ च्या आधीच्या मिस इंडिया

मिस इंडिया म्हटलं की आपल्याकडे गोष्ट सुरू होते ती १९९४ पासून, सुश्मिता आणि ऐश्वर्या, आणि बहुतेकांची ती २००० ला लारा, प्रियांका, दियापाशी संपते पण. खरं तर १९९४ उजाडलं तेव्हा हा किताब ४७ वर्षांचा झाला होता. मला स्वतःला त्या आधीच्या बायका जास्त जवळच्या वाटतात, कारण त्यातल्या कितीतरी जणींचं आपलं वेगळं काम चालू होतं, मध्येच मुकुट आला आणि त्या परत आपल्या कामाला लागल्या.

पहिली मिस इंडिया १९४७ ची, प्रमिला. हे पडद्यावरचं नाव, खरं नाव एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घरातली. मुकुट मिळाला तेव्हा वय तिशीचं, लग्न झालेलं, पदरात मुलं, आणि त्या वेळी ती गरोदरही होती! आज अविवाहित असण्याची अट आपण किती गृहीत धरतो, आणि सुरुवात झाली ती अशी. सिनेमात काम करायची, स्वतः सिनेमे काढायची. पुढे १९६७ मध्ये तिची मुलगी नकी जहाँ पण मिस इंडिया झाली, आई आणि मुलगी दोघीही मिस इंडिया असं दुसरं उदाहरण नाही.

मग १९५२ च्या इंद्राणी रहमान. त्याच वर्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला मिस युनिव्हर्स पहिल्यांदा भरली आणि तिथे भारताकडून इंद्राणी गेल्या. त्यांचंही लग्न झालेलं होतं, मुलगी होती, नवरा हबीब रहमान आर्किटेक्ट. आई रागिणी देवी मूळच्या अमेरिकन, भारतीय नृत्यासाठी सगळं सोडून आलेल्या, त्यामुळे नाच घरातच होता. इंद्राणींनी पुढे देबप्रसाद दासांकडून ओडिसी शिकून ती जगभरच्या रंगमंचावर नेली, १९६९ ला पद्मश्री मिळाली. ओडिसीच्या इतिहासात त्यांचं नाव मोठं आहे, मिस इंडिया ही त्यात एक ओळ, आणि मला ते प्रमाण अगदी बरोबर वाटतं. १९५४ ला अभिनेत्री लीला नायडू आल्या, त्या बहुतेकांना माहीत आहेतच.

इथे एक गोंधळ सोडवायला हवा, कारण त्याच्यामुळे याद्या कधी जुळत नाहीत. मिस इंडिया ही एकच सलग स्पर्धा नव्हतीच. सुरुवातीला कधी कोणी भरवायचं, कधी कोणी, मध्ये वर्षं कोरडीच जायची. १९५९ मध्ये टाइम्स ग्रुपचं फेमिना हे बायकांचं नियतकालिक सुरू झालं आणि १९६४ पासून त्यांनी मिस इंडिया घ्यायला सुरुवात केली, पहिली विजेती मुंबईची पारशी मुलगी मेहेर मिस्त्री, म्हणजे पुढे फॅशन पत्रकार म्हणून नाव कमावलेल्या मेहेर कॅस्टेलिनो. दुसरीकडे ईव्ह्ज वीकली या साप्ताहिकवाल्यांची वेगळी मिस इंडिया चालायची. साधारण असं की फेमिनावाली मिस युनिव्हर्सला जायची आणि ईव्ह्ज वीकलीवाली मिस वर्ल्डला. म्हणून १९६६ ला शोधायला गेलात तर यास्मिन दाजी पण सापडते आणि रीटा फारिया पण, आणि दोन्ही बरोबर.

रीटा फारियाबद्दल थोडं सविस्तर सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गोव्याच्या आईवडिलांची मुंबईत वाढलेली मुलगी, ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकत होती. मिस बॉम्बे झाली, मिस इंडिया झाली आणि थेट लंडन. सुटकेसमधले कपडे बरेचसे उसने, स्विमसूट मॉडेल पर्सिस खंबाटाचा, आणि तिकडे गेल्यावर तो काही चालेना, मग जवळच्या ३ पौंडांत तिने नवा स्विमसूट आणि हील्स घेतल्या. एवढ्या तयारीवर १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये ती मिस वर्ल्ड झाली, हा किताब मिळवणारी पहिली आशियाई मुलगी. त्याच वर्षाअखेर बॉब होप या अमेरिकन विनोदी कलाकाराच्या ताफ्यातून व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांसमोर गेली म्हणून इकडे टीकाही झाली. वर्षभराचा करार संपला तशी मॉडेलिंग, सिनेमा सगळं नाकारून ती लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकी पुरी करायला गेली, पुढे लग्न करून आयर्लंडला डब्लिनमध्ये स्थायिक झाली. विचार करा, त्या काळी मुंबईत हिंदी सिनेमाची दारं तिला उघडीच होती, आणि ती वॉर्डात राउंड घ्यायला परत गेली.

सत्तर-ऐंशीच्या दशकात वळण बदललं. १९७० ला झीनत अमान फेमिनातून गेली आणि मनिलाला मिस एशिया पॅसिफिक जिंकली, आणि मुकुटावरून सिनेमाकडे जायचा रस्ता हळूहळू रुळला, स्वरूप संपत १९७९, संगीता बिजलानी १९८०, मीनाक्षी शेषाद्री १९८१ (ही ईव्ह्ज वीकलीची), जुही चावला १९८४.

आणि मग आपल्या मधू सप्रे. नागपूरची मुलगी, खेळाडू, १९९२ ला बँकॉकच्या मिस युनिव्हर्समध्ये शेवटच्या तिघींत पोचली. प्रश्न आला, देशाची नेता झालीस तर पहिलं काय करशील? तिने जे मनात होतं ते सांगितलं, खेळाडूंसाठी मोठं स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स बांधीन. तिसरी आली. त्यानंतर वर्षानुवर्षं हे उत्तर 'कसं देऊ नये' म्हणून सांगितलं गेलं, गरिबीबद्दल बोलायला हवं होतं म्हणे. मला हे कधीच पटलेलं नाही. मैदानावर घाम गाळलेल्या मुलीला मैदानच आठवणार ना! तिचं उत्तर प्रामाणिक होतं.

पुढच्या वर्षीची मिस इंडिया नम्रता शिरोडकर. आता मराठी माणसाने ही गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी, नम्रताची आजी म्हणजे मीनाक्षी शिरोडकर, १९३८ च्या 'ब्रह्मचारी'मध्ये स्विमसूट घालून 'यमुनाजळी खेळू खेळ' म्हणणारी. त्या काळात त्यावरून केवढी खळबळ माजली होती, आणि ५५ वर्षांनी तिच्याच नातीला स्टेजवर मिस इंडियाचा पट्टा.

१९९४ बद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी फक्त एकच सांगते. ऐश्वर्या आहे म्हटल्यावर कितीतरी मुलींनी नावं मागे घेतली होती, सुश्मिताही मागे हटणार होती, आईने पाठवलं. फायनलचा गाऊन दिल्लीच्या सरोजिनी नगरातल्या कापडाचा, शिवला घराखालच्या गॅरेजमध्ये परकर शिवणाऱ्या शिंप्याने, आणि हातमोजे म्हणजे नवे काळे पायमोजे कापून इलॅस्टिक लावलेलं. दोघींचे गुण सारखे झाले, शेवटच्या प्रश्नात सुश्मिताला देशाच्या वस्त्रपरंपरेबद्दल विचारलं आणि तिने सुरुवात गांधीजींच्या खादीपासून केली. मे महिन्यात मनिलाला ती मिस युनिव्हर्स, नोव्हेंबरमध्ये सन सिटीला ऐश्वर्या मिस वर्ल्ड.

त्यानंतर सगळंच बदललं. १९९१ नंतर बाजार उघडलेला होता, केबल टीव्ही घराघरात पोचत होता, परदेशी सौंदर्यप्रसाधनं दुकानात आली होती, आणि या दोघींनी सगळ्यांना दाखवून दिलं की हे जमतं. मग ट्रेनिंग सुरू झालं, बोलणं, चालणं, दात, त्वचा, प्रत्येकाला वेगळा एक्स्पर्ट. १९९६ ला मिस वर्ल्ड बंगळुरूला भरली तेव्हा इतका विरोध झाला की स्विमसूटची फेरी सेशेल्सला न्यावी लागली. पण किताब येतच राहिले, १९९७ डायना हेडन, १९९९ युक्ता मुखी, आणि २००० ला एकाच वर्षी तिन्ही, लारा मिस युनिव्हर्स, प्रियांका मिस वर्ल्ड, दिया मिस एशिया पॅसिफिक.

मग मोठा खंड. मिस वर्ल्ड परत आलं ते २०१७ ला, मानुषी छिल्लर, आणि रीटासारखीच तीही मेडिकलची विद्यार्थिनी. मिस युनिव्हर्सला मुली पाठवायचे हक्क २०१० ला सुश्मिताच्या 'आय ॲम शी' या स्पर्धेकडे गेले, पुढे मिस दिवा या स्पर्धेकडे, तिथून हरनाझ संधू २०२१ ला जिंकली, आणि २०२४ पासून ते ग्लॅमानंद या संस्थेकडे आहेत. म्हणजे आज फेमिना मिस इंडियाची विजेती मिस युनिव्हर्सला जातच नाही, तिकडे जाणारी मुलगी दुसऱ्याच स्पर्धेतून निवडतात. १९६६ सारख्याच परत दोन वेगळ्या स्पर्धा, फक्त तेव्हा मिस युनिव्हर्सला जायची ती फेमिनावाली.