महाराष्ट्राचा लोकायुक्त: मान पहिला, अधिकार अपुरे

मंत्र्याने वा अधिकाऱ्याने पदाचा गैरवापर केला, तर सामान्य माणसाने दाद मागायची कुठे? साठच्या दशकात हा प्रश्न ऐरणीवर आला. के. संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला, पण त्याची नजर केंद्राच्या कर्मचाऱ्यांपुरती होती. मंत्री मोकळेच राहिले. मग १९६६ मध्ये मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने मंत्री व अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त नेमण्याची शिफारस केली. स्वीडनमध्ये असे पद १८०९ पासून होते.

लोकपालाचे विधेयक १९६८ मध्ये लोकसभेत आले आणि पुढे दशकानुदशके रखडले. महाराष्ट्र मात्र थांबला नाही. १९७१ मध्ये लोकायुक्त व उप-लोकायुक्त कायदा झाला, १९७२ मध्ये कामही सुरू झाले. ओडिशाने कायदा आधी केला होता, पण प्रत्यक्ष लोकायुक्त नेमणारे पहिले राज्य आपलेच. याचा अभिमान वाटायलाच हवा.

खंत आहे ती त्या कायद्याच्या आतल्या रचनेची. तलाठ्याकडे अडलेल्या कामापासून मंत्र्यावरच्या आरोपापर्यंत कशाचीही तक्रार करण्याची सोय त्यात होती, पण मुख्यमंत्री कक्षेबाहेर. चौकशीत दोष आढळला तरी लोकायुक्त फक्त शिफारस करू शकत, कारवाई करायची ती सरकारनेच. सरकारने दुर्लक्ष केले तर राज्यपालांकडे विशेष अहवाल पाठवायचा आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जायचा, एवढेच लोकायुक्तांच्या हाती उरे. कागदपत्रे मागवण्याचा, साक्षी नोंदवण्याचा अधिकार असून शेवटचा शब्द ज्याची चौकशी व्हायची त्या शासनाचाच, हे मुळातच चुकले होते असे माझे स्पष्ट मत आहे.

२०११ च्या लोकपाल आंदोलनानंतर केंद्राचा लोकपाल कायदा २०१३ मध्ये संमत झाला. राज्यांनी वर्षभरात लोकायुक्त कायदा करावा, असे त्यात म्हटले होते. महाराष्ट्राकडे जुना कायदा होता, त्यामुळे नव्याची घाई कोणाला नव्हती. २०१९ च्या सुरुवातीला अण्णा हजारे राळेगणसिद्धीत याच मागणीसाठी उपोषणाला बसले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेत आणि वर्षभराने विधान परिषदेत नवे विधेयक मंजूर झाले. त्यात मुख्यमंत्री कक्षेत आले, पण त्यांच्या चौकशीआधी विधानसभेची दोन-तृतीयांश बहुमताने मान्यता लागेल अशी अट आहे. ज्या सभागृहात मुख्यमंत्र्यांचेच बहुमत असते, तिथे ही मान्यता मिळणार कशी, याचे उत्तर विधेयकात नाही.